दोन्या ओफेलियाची रांग

माझ्या दारावर पाटी आहे: 'आर. सिल्व्हेरा, विद्यापीठ प्रवेश सल्लागार'. आमच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढायची आणि मग चार वर्षांच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं, असं ज्यांच्या मनात असतं त्यांना वाट दाखवणं हे माझं काम. बावीस वर्षं करतोय. माझी भेट मिळायला तीन आठवडे लागायचे आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमान होता. मोठ्या डॉक्टरकडं गर्दी असायचीच, अशी मी माझी समजूत घातली होती.

पण कॉलेजातली सगळ्यात लांब रांग माझ्या दारापुढं नव्हती. ती कॅन्टीनमध्ये, बुरिटोच्या, म्हणजे भात-घेवडा भरलेल्या पोळीच्या, खिडकीपुढं असायची. आणि तिथं कोणी नुसतं खायला येत नव्हतं.

खिडकीमागं दोन्या ओफेलिया बॅरिएंटोस. उंची जेमतेम पाच फूट, केसांवर जाळी, हातात लांब दांड्याचा डाव. आमच्याकडं स्पॅनिशमध्ये मान द्यायच्या बाईला दोन्या म्हणतात. त्या माझ्याहून फक्त चार वर्षांनी मोठ्या, पण मला 'मिहो' म्हणायच्या, म्हणजे बाळा; मुलगी असली की 'मिहा'. कॉलेजभर मी सिल्व्हेरा सर आणि कॅन्टीनमध्ये बाळ.

"लाल की हिरवी?" त्या रांगेतल्या पोरीला विचारायच्या. चटणी.

"हिरवी. दोन्या, मला नर्सिंगला जायचंय. रसायनशास्त्र कुठलं घेऊ?"

"दोन नंबरचं. एक नंबरचं विद्यापीठ धरत नाही. आणि सकाळच्या सरांकडं नको, ते स्वतःच झोपेत असतात. अर्ज कधी बंद होतात?"

"नोव्हेंबरात."

"नोव्हेंबर तीस दिवसांचा असतो, मिहा. तारीख सांग."

"तीस."

"हं. आता घे ताट."

तारीख सांगितल्याशिवाय ताट सुटायचं नाही, ही तिथली रीत. टॉर्टियाच्या पोळ्या गरम ठेवायच्या पेटीखाली अभ्यासक्रमाचं जाडजूड पुस्तक दडवलेलं. त्याच्या पानापानावर तेलाचे डाग. माझी प्रत कोरी करकरीत होती, हे इथं कबूल केलेलं बरं.

एकदा मी एका पोराला सांगितलं, तुझा संख्याशास्त्राचा विषय चालेल. दुसऱ्या दिवशी तो दारात हजर. "सर, दोन्या म्हणतात गेल्या वर्षापासून चालत नाही." मी उघडून बघितलं. चालत नव्हतं. त्या दिवसापासून मी घरून डबा आणायला लागलो.

डबा खाऊन राग जात नाही. एका दुपारी मी, हिची स्वतःची अक्कल तरी किती आहे बघू, म्हणून त्यांचं प्रगतिपत्रक काढलं. ते सोळा वर्षं लांब निघालं. त्याची सुरुवात अख्ख्या कॉलेजला पाठ आहे. त्यांच्या थोरल्या मुलानं, एफ्रेननं, इथं नाव घातलं आणि दुसऱ्याच आठवड्यात कॉलेज सोडलं. दोन्या म्हणाल्या, "जागा रिकामी कशाला?" आणि स्वतः जाऊन बसल्या. प्राध्यापक नाव पुकारायचे, "एफ्रेन बॅरिएंटोस!" मागच्या बाकावरून एक्केचाळीस वर्षांची बाई ओरडायची, "हजर!" चौथ्या आठवड्यात पहिला पेपर तपासताना त्या भल्या माणसाला शंका आली. रीतसर नाव घालायला लावलं तेव्हापासून दर सत्राला एक विषय, दुपारची खिडकी बंद करून.

विद्यापीठाला साठ क्रेडिट पुरतात. दोन्यांची होती एकशे सोळा. भूशास्त्र, खगोलशास्त्र, दोन वर्षं फ्रेंच, तीनदा मातीची भांडी. सगळं होतं, एक सोडून. भाषणकलेचा सक्तीचा विषय. दोनदा नाव घातलं होतं, दोनदा मध्येच काढून घेतलं होतं. तिसरी संधी मिळते, चौथी मिळत नाही.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. डबा तसाच टाकून मी थेट रांगेत जाऊन उभा राहिलो.

"लाल की हिरवी?"

"लाल. दोन्या, भाषणाचा विषय का सोडलात?"

डाव हवेतच थांबला. मला ना लाल मिळाली ना हिरवी. "पुढचा कोण?" एवढंच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मात्र माझ्या खोलीत आल्या. वेळ न घेता, डोक्यावर जाळी तशीच.

"मिहो, मला गप्प बसलेली माणसं बघवत नाहीत," त्या म्हणाल्या. "पहिल्या वेळी तीस जण होते. हात मांडीवर ठेवून सगळे माझ्याकडं बघतायत. कोणाच्या हातात ताट नाही, कोणाला घाई नाही. माझ्या तोंडून काय निघालं माहितीय? 'कोणाला भूक लागलीय का?' आणि मी पळाले."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा आतच गेले नाही."

मी पोट धरून हसलो. त्या हसल्या नाहीत.

"हस. पण मला शिक्षिका व्हायचंय. अकरा वर्षांची असताना मनुक्यांसाठी द्राक्षं वाळत घालायचो आम्ही. कागद अंथरता अंथरता मी वेलींना पाढे शिकवायचे."

"त्या पण गप्पच असणार की."

"वेली बघत नाहीत, मिहो."

मला माझीच लाज वाटली. चिडवायला म्हणून जे शोधून काढलं, ते त्या बाईचं आयुष्यभराचं दुखणं निघालं. मी विद्यापीठाचा अर्ज उघडला आणि त्यांच्यापुढं सरकवला. "अर्ज कधी बंद होतात? तारीख सांगा."

"तीस नोव्हेंबर," मान वर न करता त्या म्हणाल्या आणि नाव लिहायला लागल्या.

एप्रिलमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं. प्रवेश दिला होता, एका अटीवर: मे संपायच्या आत भाषणाचा विषय पास. दोन्यांनी तो तिसऱ्यांदा घेतलाच होता, या वेळी ऑनलाइन. छोटी भाषणं त्यांनी स्वयंपाकघरातल्या भिंतीला ऐकवून निभावली. शेवटचं मात्र माणसांपुढं करायचं होतं. आठ प्रौढ श्रोते, ते चित्रीकरणात दिसले पाहिजेत, मध्ये कुठं तोडायचं नाही, हातात कागद नको. हे भाषण पडलं की विषय पडणार, विषय पडला की प्रवेश गेला, आणि पुढं दुसरी वाट नाही.

शनिवारी बंद कॅन्टीनमध्ये आम्ही आठ खुर्च्या मांडल्या. त्यांच्या रांगेतली सात पोरं आणि आठवा मी. घेवड्याच्या मोठ्या डब्याला टेकवून फोन उभा केला. भाषण पाच वाजेपर्यंत पाठवायचं होतं.

दोन्या पुढं आल्या. आम्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसलो. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. "पुन्हा," त्या म्हणाल्या. दुसऱ्या वेळी स्वतःचं नाव सांगून झालं. तिसऱ्या वेळी तेही निघेना. साडेतीन वाजले. बाई भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. सोळा वर्षं या आठ खुर्च्यांपाशी येऊन अडणार होती.

तेवढ्यात एक हावरट पोरगा रिकामं ताट घेऊन उठला. "दोन्या, भाषण राहू दे. निदान खायला तरी द्या."

"लाल की हिरवी?" भिंतीकडूनच आवाज आला. खणखणीत.

मी चपापलो. खिशातून नियमांचा कागद काढला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा दोन्यांच्या नजरेनं वाचला.

"दोन्या, इथं लिहिलंय, श्रोते दिसले पाहिजेत. बसलेले पाहिजेत, असं कुठंच नाही."

त्या वळल्या.

"हातात कागद नको म्हटलंय. डावाबद्दल काही म्हटलेलं नाही."

"मिहो," त्या म्हणाल्या, "तू माझ्यासारखा बोलायला लागलास की रे."

खुर्च्या हटवल्या. चूल पेटवली. आठ जण ताटं घेऊन रांगेत, दोन्या खिडकीमागं, हातात डाव. विषय त्यांनी कोणालाच सांगितला नव्हता. फोन सुरू झाला तसं पहिल्या पोराच्या ताटात भात वाढत त्या म्हणाल्या, "माझा विषय: आमच्या सल्लागारांनी खोलीतून बाहेर यावं."

सात माना मागं वळल्या. मी रांगेत शेवटचा. पळायला जागा नव्हती.

"सल्लागार भेटतात, पण तीन आठवड्यांनी. घे, हिरवी. भुकेल्या माणसाला तुम्ही तीन आठवड्यांनी जेवायला बोलावता का? पुढं सरक, मिहा. तीन आठवड्यांत पोरगी दुसरी नोकरी धरते. पोरगं म्हणतं, जाऊ दे, आपलं काम नाही ते." एकेक ताट भरत होतं, एकेक मुद्दा पडत होता. आकडे होते, उदाहरणं होती, दोन विनोदही माझ्यावर होते. मग त्यांनी पुढचं ताट घेतलं. "माझा एफ्रेन. त्याला कुठले विषय घ्यावेत ते कळत नव्हतं. वेळ मागायला गेला, तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर तो ट्रकवर कामाला लागला होता. माझं पोरगं आळशी आहे, असं सोळा वर्षं सगळे हसत सांगतात. मीही सांगते."

सोळा वर्षांपूर्वीही त्या दारावर माझीच पाटी होती.

रांग सरकली. माझं ताट पुढं झालं. त्यांनी ते भरलं आणि एका बाजूनं घट्ट धरून ठेवलं.

"बाहेर कधी बसणार?"

"बघू," मी म्हणालो.

"'बघू' अशी तारीख नसते, मिहो."

सात पोरं चघळत बघत होती. फोन चालूच होता.

"एकोणीस ऑगस्ट," मी म्हणालो. सत्राचा पहिला दिवस. ताट सुटलं. भाषण भरलं सात मिनिटं वीस सेकंद.

त्यांना 'बी' श्रेणी मिळाली. शेरा होता: 'मुद्दा पटला. श्रोत्यांनी चघळणं टाळावं.' विद्यापीठानं एकशे एकोणीसपैकी सत्तरच क्रेडिट धरली. फ्रेंच आणि मातीची भांडी बाहेर राहिली. "राहू दे," दोन्या म्हणाल्या, "भांडी घरात आहेतच."

एकोणीस ऑगस्टला मी पाटी स्क्रूसकट काढली आणि कॅन्टीनमध्ये खिडकीशेजारच्या टेबलावर ठेवली. खिडकीत नवा पोरगा होता. तो 'लाल की हिरवी' विचारायचा आणि ताट लगेच देऊन टाकायचा. बारा वाजून गेले तरी माझ्याकडं कोणी फिरकलं नाही. फोनवर दोन्यांचा निरोप आला: 'इथला सल्लागार पाच आठवड्यांनी भेटतो. कॅन्टीन कुठंय ते विचारून ठेवलंय.' मला हसू आलं आणि त्यांची फार आठवण आली.

मग एक मुलगी ताट घेऊन माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"दोन्या ओफेलिया कुठं असतात? ताईनं सांगितलंय, त्यांनाच विचार."

"त्या विद्यापीठात गेल्या. आता मी आहे."

तिचा चेहरा पडला. तरी बसली, विचारायचं ते विचारलं. मी दोन्यांनी मागं ठेवलेलं, तेलाचे डाग पडलेलं ते जुनं पुस्तक उघडून सांगितलं. ती उठली, ताट उचलायला लागली, तर मी त्याच्या काठावर हात ठेवला.

"अर्ज कधी बंद होतात?"

"नोव्हेंबरात ना?"

"तारीख सांग."