शिडाच्या जहाजांची चोरी

ती फिर्याद आठवली की आजही मला त्या टेबलापलीकडचे दोन चेहरे दिसतात. माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. मी ठाणेदार असलेल्या पांढुर्ण्याच्या पोलीस ठाण्यात इतिहासाचे एक निवृत्त गुरुजी आले. त्यांचा अल्बम चोरीला गेला होता.

"काय होतं त्यात?"

"जहाजं, साहेब."

जुन्या काळी अमेरिकेच्या बंदरातून वेगवान शिडाचं जहाज सुटण्याआधी दलाल व्यापाऱ्यांना रंगीत कार्डं वाटत. माल आमच्याच जहाजात भरा, म्हणून. पुढे तिथे यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला भाव आला. गुरुजींच्या अल्बममधली कार्डं त्याच सुमाराची. गुरुजी शाळाशाळांत जाऊन ती दाखवत आणि हा इतिहास सांगत. पुढच्या आठवड्यात नागपूरचे एक तज्ज्ञ ती पाहायला येणार होते.

घराचं कुलूप फोडलेलं नव्हतं. चोरी झाली त्या दिवशी गुरुजी जामसांवलीला दर्शनाला गेले होते. तिसऱ्या दिवशी एका रिक्षावाल्याने खबर दिली. "सौंसरचे प्रेसवाले काका होते साहेब. म्या त्याइले बसस्टँडवर सोडलं. थैली पोटाशी धरून बसले होते."

हे प्रेसवाले म्हणजे एका छापखान्याचे मालक, गुरुजींचे लहानपणापासूनचे मित्र. घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असे. पंच घेऊन मी सौंसरला त्यांच्या छापखान्यात गेलो. अल्बम कपाटात जसाच्या तसा सापडला. जप्तीचा पंचनामा लिहीत असताना हवालदाराने खालचा ट्रे ओढला आणि म्हणाला, "साहेब, हे पाहा."

ट्रेमध्ये एकाच जहाजाची पाच कार्डं होती. जुनी दिसावीत म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून वाळत घातलेली. मी अल्बममधलं एक कार्ड काढून त्यांच्याशेजारी धरलं; छपाई एकाच हातची होती.

ठाण्यात प्रेसवाल्यांनी काहीच लपवलं नाही. "चोरी मीच केली, लिहून घ्या. पन कार्डं मीच बनवली, हे त्याले सांगू नोका."

"बनवली काहून?"

"वहिनी गेल्या तवा तो कोनाशी बोलेच ना. त्याच्यापाशी एकच खरं कार्ड होतं, तेच घेऊन बसे. मी दुसरं छापून दिलं, मुंबईहून आलं म्हनून. तो हासला, साहेब. मंग मी अकरा वर्षं देतच राहिलो. एक पैसा घेतला नाही. आता तो तज्ज्ञ येऊन राहिला होता, त्याले पाहताच कळलं असतं."

माल ओळखायला फिर्यादीला बोलावणं भाग होतं. लपवणं माझ्या हातात नव्हतं. मी सांगितलं. गुरुजींनी ट्रेमधलं कार्ड उचललं, वास घेतला आणि मित्राकडे पाहिलं.

"मी तुले एकेका जहाजाची गोष्ट सांगत होतो," ते हळू म्हणाले. "पोरांसमोर सांगत होतो. अन् तू मान हालवत होता."

प्रेसवाले हुंदके देऊ लागले. गुरुजींचेही डोळे वाहत होते, पण ते जागचे हलले नाहीत. मी गुन्हेगारांच्या रडण्याला सरावलेला माणूस; त्या दिवशी मला दोघांकडे बघवेना.

कोर्टात तडजोड झाली. गुरुजींनी मित्राकडे न बघता सही केली. अल्बम मात्र परत नेला नाही. त्यानंतर त्यांनी एकेका शाळेत जाऊन मुलांना सांगितलं, की मी दाखवलेली कार्डं खोटी होती. मित्राचं नाव त्यांनी कुठेच घेतलं नाही.

चोर का चोरतो, हे मला कळतं असं मी समजत होतो. मायेपोटी माणूस माणसाला इतकं लुटू शकतो, हे मी नोकरीच्या शेवटच्या वर्षी शिकलो. त्याला कोणतं कलम लावायचं, ते मला आजही सांगता येणार नाही.