अलर्ट कोणाच्या मोबाइलवर

बियाण्यांच्या कंपनीत मी कॉलेज सांभाळून काम करतो. सगळ्या कॉम्प्युटरांसाठी अँटिव्हायरस निवडायचं काम शेठजींनी माझ्यावर सोपवलं. चुकलो तर कंपनीचा सगळा डेटा जाणार, या भीतीने मी कॉम्प्युटर डीलरच्या दुकानात गेलो.

बाकावर एक गृहस्थ मांडीवर सीपीयू घेऊन बसले होते, त्यावरून सारखा रुमाल फिरवत. व्हायरसने त्यांच्या सगळ्या फायली लॉक केल्या होत्या.

"कोणतं सॉफ्टवेअर होतं, काकाजी?"

"अच्छावालंच होतं, भिया. त्याने दोन बार अलर्ट दिला. मीच 'बाद में' दाबलं."

मी हातातली अँटिव्हायरसची माहितीपत्रकं मिटली. डीलरच्या फॉर्मवर विचारलं होतं, अलर्ट कोणाच्या मोबाइलवर पाठवायचा? शेठजींचा नंबर मला पाठ होता. मी माझा लिहिला. त्यातही एक आकडा चुकला, तो खोडून पुन्हा लिहिला.