जावयाचं ताट

शांते, मी लग्न होऊन निघाले तेव्हा तू आईच्या कडेवर होतीस. दाराशी बैलगाडी जुंपलेली होती. रावेर स्टेशनला दुपारची गाडी धरायची म्हणून नाना घाई करत होते, आणि आई मात्र आत जाऊन पुन्हा पुन्हा काहीतरी घेऊन येत होती. आधी ज्वारीच्या पापडांचा, बिबड्यांचा डबा, मग शेवया, मग गोधडीत गुंडाळलेलं खापर. ते खापर पाहून हे हसले. धुळ्यात खापरं मिळत नाहीत का, असं त्यांनी विचारलं. आई पदराआडून म्हणाली, "मियत असतीन. पन हे तापलेलं हाये, ह्याच्यावर मांडा चिकटत नही." मग माझ्या कानाशी येऊन तिने सांगितलं, "जावायाचं ताट कधी रितं नको ठेवू व माय."

एवढाच उपदेश. नवऱ्याशी कसं वागावं, सासूला काय म्हणावं, यातलं काही तिने सांगितलं नाही. तिला जे येत होतं ते तिने दिलं.

भुसावळला गाडी बदलली, चाळीसगावला पुन्हा बदलली, आणि धुळ्याला उतरले तेव्हा मला भाषाच कळेना. तिथे 'आहे'ला 'शे' म्हणतात. शेजारच्या भिकाअक्कांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुनं माहेर कोठे शे वं?" मी नुसती त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. ह्यांनी सांगितल्यावर समजलं. हे कोर्टात कारकून, त्यांचं बोलणं पुस्तकातलं. त्यांनीच मला लिहायला-वाचायला शिकवलं, म्हणून आज हे तुला लिहू शकते.

तू त्यांना पाहिलंयस, पण लहान होतीस. देहाने भरलेले होते. लग्नात आपल्या गावातल्या बायका म्हणाल्या होत्या, यमुनेने नशीब काढलं, जावई कसा सुखवस्तू दिसतो! आपल्याकडे भरलेलं अंग म्हणजे भरलेलं घर. आणि खाण्याचे खरे शौकीन. रविवारी मी खापर चुलीवर पालथं घालायचे, पुरण भरलेला कणकेचा मऊ गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवायचे, आणि हे पाटावर बसून नुसते बघत राहायचे. चार मांडे, वर तूप, वाटीभर दूध. मूलबाळ आम्हाला झालं नाही. तो सगळा जीव मी त्यांच्या ताटात ओतला असं म्हटलंस तरी चालेल.

सातव्या-आठव्या वर्षी त्यांना थकवा येऊ लागला. कोर्टातून आले की खाटेवर पडायचे, जिना चढताना धाप लागायची, आणि पाणी फार प्यायचे. परसात ते लघवीला बसत तिथे मुंग्या लागतात हे भिकाअक्कांनी पाहिलं. डॉक्टरांनी तपासून नाव सांगितलं, डायबेटिस. साखरेचा रोग. ते म्हणाले, "अजून हातात आहे. वजन उतरवा, गोड बंद करा. साखर, गूळ, केळी, आंबा, सगळं बंद. आणि बाई, तहान अशी वाढली की समजायचं, साखर वाढलीय. लगेच माझ्याकडे आणायचं." हे त्यांनी मला सांगितलं होतं. माझ्याकडे बघून.

मी सगळं बंद केलं. महिनाभर हे एक शब्द न बोलता जेवले, आणि एका संध्याकाळी त्यांच्या कोटाच्या खिशाला पाकाचे डाग दिसले. कोर्टाबाहेरच्या दुकानातून जिलेबी घेऊन उभ्या-उभ्या खायचे. मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, "यमुना, भाकरीवर माणूस जगतो, पण तसल्या जगण्यात मला उद्याची वाट बघावीशी वाटत नाही." चाळिशी न गाठलेला माणूस, आणि डोळ्यांत पाणी.

तेव्हा मी ठरवलं, गोड चोरून पोटात जायचंच असेल तर ते माझ्या हातून, मोजून जाऊ दे. डॉक्टरांना जाऊन विचारलं. त्यांनी आधी डोकं हलवलं, मग म्हणाले, आठवड्यातून एकदा, अगदी थोडं, आणि त्या वेळी भाकरी नाही. त्यावर मी आमचा संसार बसवला. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ एकेक ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, पालेभाजी, ताक. रविवारी एका मांड्याचा चतकोर. पुरणात गूळ निम्मा, वेलदोडा दुप्पट. त्या दिवशी भाकरीला सुट्टी, आणि जेवणानंतर दोघांनी पांझरेच्या काठाने चालून यायचं. दिवाळीला अर्धी करंजी, तीही दोन दिवस संध्याकाळची भाकरी सोडून कमावलेली. आंब्याच्या दिवसांत दोन बोटं रुंदीची एकच फोड. हे ती फोड आधी हुंगायचे, मग इतकी हळूहळू खायचे की मला हसू यायचं. "चार मांड्यांत कधी चव कळली नव्हती," असं एकदा म्हणाले.

वजन करायला काटा कुठला! त्यांच्या ओळखीचा एक तोलाईवाला कापसाची सरकी काढायच्या जिनात होता. दर महिन्याला हे त्याच्याकडे जाऊन, कापसाचे बोजे ठेवतात त्या काट्यावर मांडी घालून बसायचे. पहिल्यांदा अडीच मण भरले. पुढच्या होळीपर्यंत दोन मणांच्या खाली आले. त्या दिवशी ते जिन्यावरून हाक मारतच आले, धाप न लागता. शांते, आम्ही खरे नवरा-बायको त्या एका वर्षात झालो. तोवर मी वाढत होते आणि ते जेवत होते, एवढंच होतं.

पण गल्लीत कुजबुज सुरू झाली. भिकाअक्का तोंडावर म्हणाल्या, "तुना मालक पार सुकाई गया ना वं. खावाले देस का नही?" मी खरं सांगणार होते, पण ह्यांनी शपथ घातली होती. रोगी म्हणून लोकांनी बघावं हे त्यांना सोसवत नव्हतं. आणि माहेरी तर मुळीच कळू द्यायचं नाही. "तुझ्या गावात मी भरलेला जावई आहे. तसाच राहू दे," असं म्हणाले.

मग ती आखाजी आली, ह्यांच्या पुस्तकी बोलण्यातली अक्षय्य तृतीया.

तुला त्या आखाजीतला झोका आठवत असेल. मला अंगणातला आईचा चेहरा आठवतो. गाडीतून हे उतरले आणि ती ओवाळायचं विसरून बघतच राहिली. "जावाईबापू किती वायले व माय! धुयात खायले भेटत नही का?" सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. तोच प्रश्न, फक्त आता आपल्या भाषेत. धुळ्यात तो मी गिळला होता. आईच्या तोंडून आला तेव्हा माझी मान खाली गेली.

पहिल्या पंगतीला तिने आमरसाची वाटी भरली. मी चुलीजवळ तिला हळूच म्हटलं, "आई, त्यांना गोड जरा कमी वाढ."

"काहून?"

मी काय सांगणार? "असंच. पचत नाही."

"माह्या दारात जावाई मोजून जेवीन का? लोकं काय म्हनतीन? आन् तू त्याह्यच्या ताटाकडे नको पाहू. बायकोची नजर लवकर लागते." मग तिने कणकेचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. "तूच कर मांडे. त्याह्यले तुह्या हातची सवय हाये."

मी केले. ते मांडे मी केले, हे नीट वाच. आईने नव्हेत. मी पहिला मांडा नेऊन वाढला तेव्हा हे माझ्याकडे बघून म्हणाले, "असू दे गं. चारच दिवस." आणि तुला खरं सांगू? मला बरं वाटलं. वर्षभर मी त्या माणसाला चतकोर-चतकोर करून तोलला होता. एकदा त्याने पोटभर खावं, सगळ्यांच्या देखत खावं, आणि यमुना नवऱ्याला उपाशी ठेवत नाही हे गावाने बघावं, असं मला वाटलं. त्या दिवशी त्यांनी तीन मांडे खाल्ले आणि माझी मान वर झाली.

चार दिवसांचे नऊ झाले. ओसरीवर पत्ते रंगले होते, नाना त्यांना सोडत नव्हते. रोज रस, रोज मांडे, पाहुण्यांकडची आमंत्रणं वेगळी. पाचव्या दिवसापासून ते माठाकडे सारखे जाऊ लागले. मी पाहिलं. वैशाखातलं आपल्याकडचं ऊन तुला ठाऊकच आहे. त्या दिवसांत कोणाला तहान नसते? मी मनाला तेच सांगितलं. आई म्हणाली, "ऊन बाधलं व त्याह्यले. पन्हं देऊ, थंड वाटीन." मग तहान लागली की पन्हं, पन्हं प्यालं की तहान. तिने त्यात गूळ हात सैल सोडून घातला, कारण आंबटाने जावयाचे दात आंबू नयेत. तांब्या मीच नेऊन देत होते.

डॉक्टरांचे शब्द मला आठवत नव्हते असं नाही. सातव्या दिवशी मी ह्यांना ओसरीवरून आत बोलावलं आणि म्हटलं, उद्या निघू या, तुमची तहान मला ठीक दिसत नाही. ते चिडले. "इथे तरी मला रोगी करू नकोस," म्हणाले. मी परत चुलीशी गेले. मला तेव्हा ओरडायला हवं होतं. आईला, नानांना, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडायला हवं होतं.

नवव्या दिवशी दुपारी ते जेवणानंतर झोपले आणि उठेनात. हलवलं तर भलतंच बोलू लागले, कोर्टातल्या कोणाला तरी कागद मागत होते. जीभ वाळून लाकडासारखी झाली होती. नानांनी गाडी जुंपली. रावेरच्या वाटेवर दोन्ही बाजूंना केळीचे मळे, पाटाचं पाणी खळखळ वाहतंय, आणि माझ्या मांडीवर हे तहानलेले. रावेर दिसू लागलं तेव्हा त्यांचा श्वास थांबला होता.

सगळे म्हणाले, ऊन लागलं. ह्यांच्याकडचं कोणी उरलं नव्हतं म्हणून दिवस आपल्याकडेच झाले. तेराव्याला बायका बसल्या होत्या तेव्हा आईही तेच म्हणाली, "उनानं नेलं माह्या जावायाले." तेव्हा माझ्यातलं काय उसळलं कोण जाणे. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "उन्हाने नाही. तुझ्या गोडाने नेलं. साखरेचा रोग होता त्यांना. तू वाढत गेलीस."

आई उभी होती ती खाली बसली. मग म्हणाली, "मले काय माहीत व माय? तू सांगलं कुठं?"

दुसऱ्या दिवशी एकटी धुळ्याला निघाले. त्या वेळी गाडीत कोणी काही ठेवलं नाही.

लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हापासून मी इथल्या विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगमध्ये स्वयंपाक करते. राहायला खोली आहे. लढाई संपली तरी साखर रेशनवरच आहे. बायका दुकानापुढे रांगेत भांडतात, सणाला गोड कसं करायचं म्हणून रडतात. मला माझ्या वाटणीची पुरून उरते. धुळ्यात राहून आता मीही 'शे' म्हणते. रावेरकडचं कोणी भेटलं तर बोलताना अडखळायला होतं.

तू दर आखाजीला पत्र पाठवत होतीस आणि मी काहीतरी कारण लिहीत होते. वाटायचं, पुढच्या वर्षी जाईन. गेले की आईला सांगेन. काय सांगेन, ते मी स्वयंपाक करताना इतक्या वेळा मनात बोलले आहे की शब्द झिजून गेले. आणि माघात तुझं पत्र आलं, आई गेल्याचं. त्यात तू सहज लिहिलंस की शेवटची काही वर्षं आई कोणालाही वाढताना पळी हातात धरून आधी विचारायची, "तुम्हाले गोड चालते ना, बापू?" पाहुणे हसायचे. तू स्वतःही हसायचीस, असं लिहिलंस. चालतं असं सांगितलं तरी ती दुसऱ्यांदा विचारायची, आणि मगच वाढायची.

ते पत्र मी पुढे वाचू शकले नाही. एक म्हातारी बाई हातात पळी घेऊन प्रत्येक ताटापुढे थांबते आहे, आणि तिला तिथे थांबवणारी मी आहे.

तेव्हा आज तुला लिहिते, आणि तू हे नानांना वाचून दाखव, भावकीतल्या बायकांनाही दाखव. आईने कोणाला मारलं नाही. तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मांडे मी केले, तहान मी पाहिली, तांब्या मी नेला, आणि दोष तिच्या पदरात टाकून मी निघून आले.

तू लिहितेस, ताई, आता तरी ये, घर तुझंच आहे. घर आहे, ओसरी आहे, अंगणातलं झाडही असेल. माझ्यासारख्या दूर दिलेल्या पोरींना वाटतं, माहेर कुठे पळून जातं? कधीही जाता येईल. मलाही तसंच वाटत होतं. पण माझ्यासाठी घर म्हणजे ती एक बाई होती, जिच्यापुढे बसून मला एवढंच म्हणायचं होतं की तुझी चूक नव्हती. आता मी आले तर भिंतींना सांगू का? नको बोलावूस. मी येणार नाही.

तुझी,
यमुना