आक्कानं शिकवलेलं पडणं

माझी थोरली बहीण समुद्राच्या लाटेवर फळी टाकून त्या फळीवर उभी राहायची, आणि त्यात ती देशात पहिली आली होती. हे मी कितीही सरळ सांगितलं तरी आमच्याकडच्या माणसाला थाप वाटते. आमचं माहेर परळीकडच्या धर्मापुरीजवळ. समुद्र तिथं कॅलेंडरवर असतो.

पोहायला आम्हा दोघींना वडिलांनी शिकवलं. मळ्यातल्या विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. माझा डबा सुटायला दोन उन्हाळे लागले. आक्कानं चौथ्या दिवशी तो सोडून काठावर ठेवला. पुढं विहीर आटली, बोअर पाडलं, तेही आटलं, आणि पोहणं घरातून गेलं. त्याचं कुणाला फार वाटलं नाही.

आक्का अंबाजोगाईला नर्सिंग शिकली आणि कर्नाटकात, किनाऱ्यावरच्या एका दवाखान्यात लागली. सुट्टीच्या दिवशी ती समुद्रावर जाऊन बसायची. तिथं कोळ्यांची मुलं फळ्यांवर उभी राहून लाटा धरायची आणि एकजण त्यांना शिकवायचा. महिनाभर नुसतं बघून तिनं त्याला विचारलं, मी आले तर चालेल का? तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं, पुढंही केलं नाही.

तिनं मायला फोनवर सांगितलं, तेव्हा मी शेजारीच बसले होते.

"लाटेवर उभं राहायचं असतं," आक्का म्हणाली.

"आन् मग?"

"मग पडायचं."

"कावून?"

"लाट संपती म्हणून."

माय म्हणाली, "दवाखान्यातल्या लोकायला हे ठावं हाय का?"

पहिलं वर्ष ती फक्त पडायला शिकली, असं आक्का सांगायची. डोकं हातांत धरायचं, सूर मारायचा नाही, आडवं पडायचं, आणि लाट डोक्यावरून जाईपर्यंत पाण्याखाली अंग सैल सोडायचं. ओठाला टाके पडले, एक दात गेला. दवाखान्याची पाळी तिनं कधी चुकवली नाही. पाचव्या वर्षी, तिच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान मुलींमध्ये ती पहिली आली. आमच्याकडच्या पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'जिल्ह्याची जलतरणपटू'. आक्कानं ते कात्रण तसंच जपून ठेवलं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. टँकर चार दिवसांआड यायचा, जनावरं छावणीत होती. गावच्या सोसायटीनं तिचा सत्कार ठरवला, आणि चेअरमनसाहेबांचा निरोप गेला की फळी घेऊन ये, लोकांना दिसली पाहिजे. ती फळी गोधडीत गुंडाळून रेल्वेनं परळीला उतरली. फळी तिच्यापेक्षा उंच. स्टेशनवर एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, "काय हाय बे हे? दार हाय का?" आक्का म्हणाली, "हो, दारच हाय." गावापर्यंत ज्यानं विचारलं त्याला तिनं तेच सांगितलं.

सोसायटीच्या गोदामात सतरंज्या टाकल्या होत्या. फळी खतांच्या पोत्यांना टेकवून उभी केली. चेअरमनसाहेब बोलायला उभे राहिले. "आपल्या लेकीनं दर्यावर निशाण रोवलं," असं काहीतरी सुरू झालं होतं, तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. आधी मागच्या बायका उठल्या, मग सगळेच. चेअरमनसाहेबांनी हातातली शाल घाईघाईनं आक्काच्या खांद्यावर टाकली. तीही उठली. मायच्या हातातली एक घागर तिनं घेतली आणि शाल कमरेला खोचून रांगेत उभी राहिली. सत्कार त्यानंतर पुरा झाला नाही. नारळ कुणी उचलला, तेही कळलं नाही.

पुढच्या वर्षी तिचा उजवा खांदा निखळला. तो बसवला, पण स्पर्धा सुटल्या. तिनं मला हे पत्ता बदलल्याचं सांगावं तसं सांगितलं.

मी दिंद्रुडकडे दिलेली. आमच्या गावात बायकांची दूध संस्था आहे आणि मी तिथं दूध मोजते. दुष्काळानं शहाणपण आलं म्हणून संस्थेनं वैरणीसाठी शेततळं खोदलं. पाणी मुरू नये म्हणून त्यात प्लास्टिकचा कागद अंथरतात. ओल्या कागदावर पाय ठरत नाही. आमच्यातली एक सभासद वासरासाठी बादली भरायला गेली आणि घसरली. संध्याकाळी सापडली. कागदावर तिच्या नखांचे ओरखडे होते.

मी आक्काला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोर व्हता का?"

"न्हाई."

आठ दिवसांनी ती रजा काढून आली. तळ्याच्या काठावर तेरा बायका जमल्या होत्या. पंजाबी ड्रेस घातलेली आक्का सगळ्यांदेखत कागदावरून घसरून पाण्यात पडली. बाहेर यायचा तिनं चार वेळा प्रयत्न केला आणि चारही वेळा खाली घसरली. मग मध्यभागी पाठीवर तरंगत म्हणाली, "बघितलं? मला बी चढता येईना. म्हणून चढायचं न्हाई. चढायला गेलं की दम जातो. पाठीवर पडायचं, तोंड आभाळाकडं, आन् वरडायचं."

मग आधीच बांधून ठेवलेला दोर धरून ती काठाशी आली आणि बायकांना बोलवायला लागली. कुणी हलेना. नवरे काय म्हणतील, लुगडं अंगाला चिकटतं, एक ना दोन. शेवटी साठीची एक म्हातारी उठली. "मला आता कोन बघतंय?" म्हणत आक्काचा हात धरून उतरली. आठवड्यात अकराजणी पाठीवर पडायला शिकल्या. दोघी शेवटपर्यंत काठावरच बसल्या. चारही बाजूंना खुंट्या ठोकून, गाठी मारलेले दोर पाण्यात सोडले, ट्रॅक्टरची ट्यूब आणून ठेवली. त्यानंतर आक्का दर वर्षी आठ दिवस यायची, जवळच्या गावांतही जायची. तिनं कुठंच फळी नेली नाही, की पहिल्या नंबराचं सांगितलं नाही. मी सांगायला लागले की म्हणायची, "त्याचा हितं काय उपेग?"

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी ती दवाखान्यातच, कामावर असताना आजारी पडली आणि अकराव्या दिवशी गेली. पेपरवाले त्याला लाट म्हणत होते. आमच्या घरात तो शब्द कुणी काढला नाही. आम्हाला तिथं जाता आलं नाही. तिला शिकवणाऱ्यानं फोन करून सांगितलं की तिच्याबरोबरच्या मुली फळ्या घेऊन समुद्रात आत गेल्या, गोल करून बसल्या आणि पाण्यात फुलं सोडली. मी माय झोपेतून उठल्यावर तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलं."

गेल्या वर्षी शेजारच्या गावची एक नवी सून दूध घालायला आली. तिची दोन्ही कोपरं सोलवटलेली होती. काय झालं म्हणून विचारलं.

"तळ्यात पडले काल. पाठीवर पडून ऱ्हायले, मग दोर सापडला."

"भ्या न्हाई वाटलं?"

"लई वाटलं. पन आत्याबाईनं लग्न झाल्या झाल्या मला पाण्यात ढकललं व्हतं. म्हनल्या, पडायचं कसं ते शीक, मगच शेतात जा."

"आन् तुझ्या सासूला कुनी शिकवलं?"

"कुन्या नर्सबाईनं. सरकारी आसंल."

मी तिला सांगितलं की ती माझी आक्का होती, आणि ती समुद्रावर काय करायची तेही सांगितलं. "हो का?" ती म्हणाली. मागच्या बाईची घाई चालली होती, म्हणून बरणी उचलून बाजूला झाली.