आईसाठी वाफ बाहेर काढायची होती

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई वैजापूरहून आमच्याकडं राहायला आली, आणि महिन्याभरात तिनं रोजची अंघोळ सोडली. "आज अंग कणकणतंय," म्हणायची. जन्मभर पहाटे न्हाऊन शेताला गेलेली बाई. मला काही पटेना.

एकदा खोदून विचारलं तेव्हा बोलली. "आत लई कोंडतं गं. दार लावलं की वाफेनं श्वास घेता येत नाय. उघडं ठेवावं तर समोर जावई बसलेले असतेत."

आमच्या बाथरूमला बाहेरची भिंतच नाही, चारही बाजूंनी खोल्या. गार पाणी तिच्या गुडघ्याला चालत नव्हतं. ही वाफ बाहेर काढायचीच, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

छावणी भागातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानदारानं छताला लावायचा छोटा पंखा पुढं केला. "सगळे हाच नेतात, ताई."

"बाथरूमपासून बाल्कनीपर्यंत चौदा फूट पाईप टाकावा लागेल. तेवढं ढकलेल हा?"

"लावून तर बघा."

लावून बघायची माझी तयारी नव्हती. मी तशीच परत आले.

चितेगावच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मेंटेनन्सच्या फोरमनना गाठलं. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी एका रिकाम्या खोक्यावर खडूनं चित्र काढलं.

"तुम्हाला पाईपच्या मधोमध बसणारा पंखा लागेल. इनलाईन म्हणतात. साधा पंखा एवढ्या लांब पाईपात दमतो. पाईप होईल तेवढा सरळ ठेवा, बाहेरच्या अंगाला उतार द्या, नाहीतर वाफेचं पाणी उलटं येईल. आणि दाराखाली बोटभर फट पाहिजे. आत हवा आलीच नाही तर बाहेर काय जाणार?"

खोक्याचा तो तुकडा मी कापून घरी आणला.

"एवढ्यासाठी पीओपीचं छत फोडायचं?" नवऱ्यानं विचारलं.

"हो. आईला दार उघडं टाकून अंघोळ कर म्हणून मी सांगणार नाही."

रविवारी शिडी मात्र त्यानंच धरली. इनलाईन पंखा बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियननं पाईप दोनदा वळवून आणला होता. मी तो काढायला लावला आणि सरळ बसेपर्यंत तिथून हलले नाही. तो वैतागला, पण काम नीट करून गेला.

सोमवारी आई आत गेली. दार लावलं. मी पोळ्या लाटत होते, पण सगळं लक्ष तिकडं. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. ती आली ती डोक्यावरून न्हाऊन, केसांना पंचा गुंडाळून.

"पंखा घुमतो जरा," मी म्हणाले. "त्रास नाही ना होत?"

"घुमू दे की," ती म्हणाली आणि केस वाळवायला बाल्कनीत जाऊन बसली.