रेघेपर्यंत रक्त

साठ सेकंद उलटले तरी नळीतला प्लाझ्मा पातळच होता. मी नळी वॉटर बाथमधून उचलायची, दिव्यासमोर हळूच तिरकी करायची, पुन्हा पाण्यात ठेवायची. डाव्या हातात स्टॉपवॉच. चौसष्टाव्या सेकंदाला एक बारीक तंतू दिसला, मग दुसरा, आणि सगळं एकदम थिजलं.

या टेस्टला एपीटीटी म्हणतात. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते त्यात मोजायचं. रक्तातल्या लाल पेशी खाली बसवल्या की वर जे पिवळसर पाणी उरतं तो प्लाझ्मा. त्यात केमिकल घालायचं आणि तो गोठायची वाट बघायची. आता हे काम मशीन करतं. नव्वदच्या दशकात संगमनेरच्या आमच्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये ते माझ्या डोळ्यांनी व्हायचं. मी तिथली टेक्निशियन.

खरं सांगायचं तर मला ते काम फार आवडायचं. दुपारी पेशंट नसत. बाथमधलं पाणी सदतीस डिग्रीला, म्हणजे आपल्या अंगाइतकंच कोमट. दुधी काचेतून ऊन आत झिरपायचं. साखर कारखान्याचा सीझन असला की हवेत मळीचा गोडसर वास असायचा. नळीकडे बघता बघता माझी तंद्री लागायची. आपण कुठे आहोत, किती वाजले, सगळं विसरायला व्हायचं. पातळ पाण्यात अचानक एक धागा उमटतो, तेवढ्यासाठी मी तासन्‌तास उभी राहिले असते. आमचे पॅथॉलॉजिस्ट सर म्हणायचे, "कुंदाताई, तंद्री लावा, पण अंगठा घड्याळावर राहू द्या."

तर चौसष्ट सेकंद. नॉर्मल माणसाला पस्तीसच्या आसपास लागतात.

ते रक्त संगीताचं होतं. वय पंचवीस-सव्वीस. एकामागून एक तीन गर्भ पडलेले, शेवटचा पाचव्या महिन्यात. गावातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी चिठ्ठी देऊन पाठवलं होतं : पुन्हा दिवस जाण्याआधी रक्त गोठण्याच्या तपासण्या करून घ्या. बरोबर नवरा, भाऊसाहेब. तो गावात दूध संकलन केंद्र चालवायचा.

"सर, चौसष्ट आलंय."

सरांनी मायक्रोस्कोपमधून डोळा काढला नाही. "सॅम्पल कमी पडलं असेल. रिपीट करा."

आमच्याकडे एपीटीटी लांबलं की हेच व्हायचं. त्याचं कारण मीच होते, पण तेव्हा मला तसं वाटत नव्हतं. या टेस्टच्या नळीत सायट्रेट नावाचं औषध आधीच घातलेलं असतं, रक्त गोठू नये म्हणून. एक भाग औषध, नऊ भाग रक्त. त्यासाठी नळीवर रेघ मारलेली असते. रक्त रेघेच्या खाली राहिलं तर औषध जास्त होतं आणि वेळ खोटाच लांबतो. हे मला डिप्लोमापासून पाठ होतं. पण समोर बाई बसायची, हाडं दिसणारी, आणि म्हणायची, "ताई, लई रगत काढू नगा, आधीच अंगात न्हाई." मग माझा हात आपोआप आखडायचा. थोडं कमी घ्यायचे. बाईला बरं वाटायचं आणि मलाही.

मी संगीताला पुन्हा आत बोलावलं. तिने डोळे मिटून हात पुढे केला. तिचा दुसरा हात भाऊसाहेबाच्या हातात होता. मी रक्त काढलं, नळीत सोडलं, बूच लावायला गेले.

"ताई, एक इचारू का?" भाऊसाहेब म्हणाला. "ती रेघ कशासाठी हाय?"

"तिथपर्यंत रक्त लागतं."

"मंग तुमी तिथवर भरलं न्हाई."

मी म्हटलं, थोडं कमी आहे, चालतं.

तो संकोचला, पण गप्प बसला नाही. "आमच्याकडं फॅट काढताना ॲसिड मापात घालत्यात. वरून दूध कमी पडलं तर फॅट चुकती. असलं सॅम्पल मी वतून देतो. मानूस कितीबी वळखीचा आसंना."

मला राग आला होता, पण त्याचा नाही, स्वतःचाच. मी ती नळी टाकून दिली, तिसऱ्यांदा सुई लावली आणि रक्त रेघेपर्यंत घेतलं.

सहासष्ट सेकंद.

म्हणजे यावेळी लांबलेला वेळ माझ्या हातचा नव्हता, तिच्या रक्ताचा होता. सर उठून वॉटर बाथपाशी आले. पुढची पायरी साधी असते. पेशंटचा अर्धा प्लाझ्मा आणि निरोगी माणसाचा अर्धा एकत्र करायचा. पेशंटच्या रक्तात काही कमी असेल तर निरोगी रक्त ते भरून काढतं आणि वेळ नॉर्मलला येतो. निरोगी माणूस म्हणून मीच होते. सरांनी माझं रक्त काढलं.

तिचा आणि माझा प्लाझ्मा एका नळीत गेला, कुठला कुणाचा ते ओळखू येईना. मी नळी तिरकी करत राहिले. पस्तीस गेले, चाळीस गेले. माझा स्वतःचा प्लाझ्मा मघाशी तेहतीस सेकंदांत गोठला होता. तिच्यात मिसळल्यावर एकोणसाठ लागले.

"तिच्यात काही कमी नाही," सर हळू आवाजात म्हणाले. "जास्त आहे."

तिच्या रक्तात एक अँटीबॉडी होती. गंमत अशी की ती नळीत रक्ताला उशिरा गोठवते आणि शरीरात उलट वागते, नको तिथे गुठळ्या करते. वारेच्या बारीक नसांमध्ये त्या अडकल्या की बाळाचं अन्नपाणी बंद होतं.

पक्कं करायला पुण्याच्या लॅबमध्ये रक्त पाठवायचं होतं. भाऊसाहेबाने डेअरीतला बर्फ थर्मासमध्ये असा ठासून भरला की एसटीने पुण्याला पोचेपर्यंत तो वितळला नाही. ही अँटीबॉडी कधी कधी तात्पुरती असते, म्हणून दोन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागलं. दोन्ही वेळा पॉझिटिव्ह.

दुसरा रिपोर्ट नोंदवताना मी जुनं रजिस्टर चाळलं. का कोण जाणे. वर्षभरापूर्वीच्या पानावर तिचं नाव होतं, माझ्याच अक्षरात. दुसरा गर्भ पडल्यानंतर ती आमच्याकडेच आली होती. "एकसष्ट सेकंद. सॅम्पल अपुरं. रिपीट करावे." रिपीट झालंच नव्हतं. तिला कुणी बोलावलं नाही, आणि आमच्या लॅबचं एपीटीटी नेहमीच लांबतं म्हणून मॅडमनीही विचारलं नाही. त्यानंतर तिसरा गर्भ राहिला आणि गेला.

मी सरांना पान दाखवलं. त्यांनी नोंद वाचली. "नियमाने बरोबर लिहिलंय. सांगायलाच पाहिजे असं काही नाही."

"मी सांगणार आहे, सर."

त्यांनी अडवलं नाही.

रिपोर्ट न्यायला दोघं आली तेव्हा मी सगळं सांगितलं. कमी रक्त घेण्याची माझी सवय, ती नोंद, सगळं.

संगीताने विचारलं, "तवाच कळलं असतं तर तिसरं वाचलं असतं?"

"नक्की नाही सांगता येत. पण कदाचित."

"मला वाटायचं माजंच कायतरी चुकलं. पपई खाल्ली म्हनून, हंडा उचलला म्हनून. नखं आली हुती त्याला, ताई."



पुढच्या वेळी दिवस राहिले तेव्हा मॅडमनी रोज लहान ॲस्पिरिन आणि दोन वेळा, गुठळ्या होऊ न देणाऱ्या हेपारिनचं इंजेक्शन सुरू केलं. भाऊसाहेब इंजेक्शन द्यायला शिकला. हेपारिनने प्लेटलेट कमी होऊ शकतात, म्हणून ठरावीक दिवसांनी ती आमच्याकडे रक्त तपासायला यायची. दारातूनच म्हणायची, "सरांनाच घेऊ द्या." सर घ्यायचे. मी आत बाथपाशी उभी राहून तिचा आवाज ऐकायचे, दर वेळी थोडा जास्त धापा टाकणारा.

नववा लागता लागता सिझेरियन झालं. मुलगी. दोन किलोला थोडी कमी, पण रडली खणखणीत. पेढे घेऊन भाऊसाहेब एकटाच आला. मी रडले, आणि लपवलं नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एकही नळी मी रेघेखाली सोडली नाही. बाया विनवायच्या, काही चिडायच्या. मी दोन शब्द जास्त बोलायचे आणि रक्त पूर्ण घ्यायचे. संगीताने मात्र पुन्हा कधी माझ्यापुढे हात केला नाही. कमी रक्त घेऊन मी कुणाचंही रक्त वाचवलं नव्हतं, आणि त्याची किंमत तिने मोजली होती.