दिव्याच्या हुकाला पाळणा

घरी येऊन लगेच लिहायला बसलेय. हॉल कसा सजवावा असं तुम्ही मला रोज विचारता ना, मग आजचं हे वाचाच.

जवळा बाजार गावातल्या घराचा, मी सजवलेला तो हॉल आठवतो? फोटो तुम्हा सगळ्यांना फार आवडले होते. तिथं स्लॅबला पाळण्याची जाडजूड लोखंडी कडी होती. ती दिसायला नको म्हणून मी खाली पीओपीचं फॉल्स सीलिंग केलं आणि बांबूच्या हलक्या दिव्यासाठी त्याला एक नाजूक पितळी हुक लावला.

आज त्याच घरी बारसं होतं. दारातून आत पाहिलं तर काय, दिवा काढून पाळणा त्या हुकाला टांगला होता! "थांबा!" मी ओरडले, पण गाण्यांच्या गलक्यात कुणाला ऐकूच गेलं नाही. बाळाची आत्या लेकरू घेऊन पाळण्याशी वाकली होती.

"आगं, आधी वरवंटा!" आजींनी तिला अडवलं. "लेकरू मागून. काहून घाई करून राहिली?"

आपल्याकडची रीतच ती. बाळाची कुंची घातलेला वरवंटा पाळण्यात ठेवला. आत्यानं पहिला झोका दिला.

सीलिंगचा तुकडा घेऊन हुक खाली आला. पाळणा आपटला, फरशी तडकली. बाळ आत्याच्या कडेवर रडत होतं.

मी मात्र पांढऱ्या भुकटीत पडलेल्या त्या इवल्याशा कुंचीकडे बघत राहिले.

तुमच्या छताच्या हुकाला वर कशाचा आधार आहे, माहीत आहे तुम्हाला?